इंटरनेटशिवाय तीस जणांची गिट कार्यशाळा

गिट, म्हणजे फाइलींतल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन, शिकायला इंटरनेट लागत नाही असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मग पुश कुठे करायचं?’ पुश म्हणजे आपलं काम सर्व्हरवर पाठवणं. गिट आणि गिटहब (गिटमधलं काम ठेवायची वेबसाइट) या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे तोंडी सांगून कुणाच्या डोक्यात शिरत नाही. लिनस टोरवाल्ड्सने लिनक्स कर्नलसाठी गिट लिहिलं एप्रिल २००५ मध्ये आणि गिटहब आलं २००८ मध्ये. मधल्या काळात लोक पुश करतच होते, आपापल्या सर्व्हरवर. तालुक्याच्या गावातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये आमच्या प्रोग्रामर गटाने दोन दिवसांची कार्यशाळा घेतली ती याच पद्धतीने. लॅबची वीस विंडोज यंत्रं, दहा जणांचे स्वतःचे लॅपटॉप, एक जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून, आणि बाहेरच्या जगाशी जोडणारी वायर काढून ठेवलेली.

वायर काढली त्याला कारणं होती. मोबाइलचा हॉटस्पॉट आठ-दहा उपकरणांपलीकडे दम टाकतो. लॅबची लाइन चांगली असली तरी एकाच पत्त्यावरून दहा मिनिटांत तीस नवी खाती उघडायला गेलं की समोरची साइट चित्रातले सिग्नल ओळखायला लावते, मग कोड पाठवते, तो कोड स्पॅममध्ये जातो आणि निम्म्यांना ईमेलचा पासवर्डच आठवत नसतो. त्यात गिटहबने १३ ऑगस्ट २०२१ पासून गिटच्या कामांसाठी खात्याचा पासवर्ड घेणं बंद केलं. त्याऐवजी टोकन (साइटने दिलेला लांब सांकेतिक मजकूर) किंवा एसएसएच किल्ली (ओळख पटवणारी, यंत्रावर ठेवलेली फाइल) लागते. जुने व्हिडिओ बघून आलेली मुलं पासवर्ड टाकत राहतात आणि गिट शिकण्याऐवजी लॉगिन शिकण्यात सकाळ जाते. खाती, टोकन, दोन टप्प्यांची पडताळणी हे सगळं नंतर घरी करता येतं. कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांनी एकच ओळ वेगवेगळी बदलल्याचा तिढा, आल्यावर पोटात जो गोळा येतो, तो मात्र शेजारी माणूस असतानाच यायला हवा.

सर्व्हरसाठी चार-आठ जीबी रॅमचा कुठलाही लॅपटॉप चालतो. त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि गिटी. गिटी म्हणजे स्वतःच्या यंत्रावर चालवायचं छोटं गिटहब समजा. २०१६ मध्ये गॉग्ज नावाच्या तशाच प्रकल्पातून फुटून निघालेला. एकच बायनरी फाइल, डेटाबेस म्हणून एसक्यूलाइट, पोर्ट ३०००. रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, म्हणून चालवायला गेलं तर तो नकार देतो, म्हणून ‘गिट’ नावाचा वेगळा युजर आधी बनवायचा. सेटिंगच्या फाइलीत तीन ओळी विसरायच्या नाहीत. पहिली, नवी नोंदणी बंद. दुसरी, ऑफलाइन मोड चालू. नाहीतर प्रत्येक पानावर अवतारचित्र आणायला तो बाहेर हात मारतो आणि पान लटकतं. तिसरी आणि सगळ्यांत महत्त्वाची, रूट यूआरएल, म्हणजे सर्व्हरने स्वतःचा म्हणून दाखवायचा पत्ता. ती तशीच ठेवली तर क्लोनसाठी (सर्व्हरवरच्या कामाची प्रत उतरवण्यासाठी) दाखवलेल्या पत्त्यात ‘लोकलहोस्ट’ असतं. मुलं तो पत्ता जसाच्या तसा कॉपी करतात, त्यांचं यंत्र स्वतःकडेच सर्व्हर शोधतं आणि ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणतं. सर्व्हरवर बसलेल्याला मात्र सगळं व्यवस्थित दिसतं, त्यामुळे ही चूक सापडायला वेळ लागतो. तपासणी नेहमी दुसऱ्या यंत्रावरून करायची.

खाती आदल्या रात्रीच बनवून ठेवली. नावांची यादी एका सीएसव्ही फाइलीत, त्यावर बॅश या शेलचा (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमचा) लूप आणि आत गिटीची युजर बनवायची कमांड. पहिल्याच लॉगिनला पासवर्ड बदलायची सक्ती बंद करायची, नाहीतर तीस नवे पासवर्ड तयार होतात आणि दुपारपर्यंत त्यातले पाच विसरलेले असतात. पहिल्या फेरीत एकाही खात्यात लॉगिन होईना. यादी एक्सेलमधून काढलेली होती, ओळींच्या शेवटी विंडोजची सीआर आणि एलएफ ही ओळ संपवणारी दोन न दिसणारी चिन्हं होती. बॅशने एलएफवर ओळ तोडली आणि सीआर पासवर्डच्या शेपटाला चिकटून राहिला. न दिसणारं अक्षर पासवर्डात असेल तर ते टाइप कोण करणार? ‘डॉसटूयुनिक्स’ चालवून यादी धुतली, खाती पुन्हा बनवली. पासवर्डांत शून्य आणि ओ, एक आणि छोटा एल अजिबात ठेवू नयेत. चिठ्ठ्यांवर छापल्यावर ते कुणाला ओळखू येत नाहीत.

आता वायरिंग. लॅबमध्ये चोवीस पोर्टचा स्विच होता. लॅपटॉपवाल्यांसाठी सोळा पोर्टचा आणखी एक आणला. वीस यंत्रं, दहा लॅपटॉप, एक सर्व्हर आणि दोन स्विच जोडणारी वायर एवढं त्यात बसतं. सर्व्हरला १९२.१६८.१०.१ हा पक्का पत्ता आणि बाकीच्यांना पत्ते वाटायला डीएनएसमास्क हा प्रोग्रॅम. इथे एक खड्डा आहे. लॅबचा जुना राउटर त्याच स्विचला जोडलेला राहिला तर एका वायरीवर पत्ते वाटणारे दोघे होतात. ज्याचं उत्तर आधी पोचेल त्याचा पत्ता यंत्र घेतं. मग अर्ध्या लॅबला सर्व्हर दिसतो, अर्ध्या लॅबला नाही, आणि यंत्र रीस्टार्ट केलं की अर्धे बदलतात. हा प्रकार बघितला की स्विचवर संशय जातो, केबलींवर जातो, राउटरवर सगळ्यांत शेवटी. लॅब असिस्टंटला आधी विचारून राउटरची केबल काढून बाजूला ठेवावी आणि ती कुठल्या पोर्टात होती ते चिकटपट्टीवर लिहून ठेवावं. लॅबच्या ब्राउझरमध्ये कॉलेजच्या प्रॉक्सीचा, म्हणजे बाहेरची वाहतूक हाताळणाऱ्या मधल्या सर्व्हरचा, पत्ता भरलेला असतो, तोही काढावा लागतो. नाहीतर शेजारच्या टेबलावरच्या सर्व्हरला गाठायला यंत्र आधी प्रॉक्सीकडे जातं.

लाइट जाणार हे धरूनच चालायचं. सर्व्हर लॅपटॉप असल्यामुळे त्याला बॅटरी असते, पण स्विचला नसते. लॅबचा यूपीएस यंत्रांना जोडलेला आणि स्विच मात्र भिंतीवरच्या साध्या सॉकेटवर, ही व्यवस्था जवळपास सगळीकडे दिसते. दोन्ही स्विच यूपीएसच्या एक्स्टेन्शन बोर्डावर घेतले. स्विचला वीज लागते ती अगदी किरकोळ, त्यामुळे यूपीएसला भार पडत नाही.

लॅबच्या यंत्रांबद्दल तीन प्रश्न आदल्या दिवशी विचारायचे. पहिला, रीस्टार्ट झाल्यावर सी ड्राइव्ह पूर्ववत करणारं सॉफ्टवेअर बसवलंय का? बहुतेक लॅबमध्ये असतं. व्हायरसच्या त्रासावर तो त्यांचा उपाय असतो. म्हणजे गिट इन्स्टॉल केलं, नाव-ईमेल भरलं, रेपो (प्रकल्पाच्या फाइली आणि त्यांचा इतिहास) क्लोन केला, आणि लाइट जाऊन आली की सगळं गायब. म्हणून इन्स्टॉलर न वापरता पोर्टेबल गिट डी ड्राइव्हवर उलगडून ठेवलं आणि रेपोही डीवरच क्लोन करायला सांगितले. दुसरा प्रश्न, बायॉसचा, म्हणजे यंत्राचं घड्याळ चालू ठेवणारा, सेल जिवंत आहे का? सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा नाण्याएवढा सेल मेला की बंद करून चालू केल्यावर यंत्राची तारीख दहा-पंधरा वर्षं मागे जाते. कमिटवर, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेल्या बदलावर, तीच तारीख बसते. कमिटांची यादी दाखवणारा ‘गिट लॉग’ तारखांकडे बघून क्रम लावतो, त्यामुळे दोन ब्रँच (कामाच्या वेगवेगळ्या फांद्या) एकत्र आल्यावर आजचं काम २००९ च्या खाली जाऊन बसतं आणि मुलगा म्हणतो, माझं कमिट हरवलं. पाच सेल खिशात ठेवलेले बरे. फार महाग नसतात. तिसरा प्रश्न, विंडोज कुठली? त्याचं कारण नोटपॅड.

नोटपॅडवर थोडं थांबतो, कारण मराठी मजकुरावर गिट शिकवायचं ठरवलं की पहिला मार इथेच बसतो. विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून नोटपॅड आपोआप यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या मावणाऱ्या, पद्धतीत सेव्ह करतो. त्याआधीचा ‘एएनएसआय’ या जुन्या पद्धतीत करतो आणि तसं करताना देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं लिहून मोकळा होतो. अक्षरं बिघडलेली दिसतात असं नाही, ती फाइलीत उरतच नाहीत. कुठल्याही उपायाने परत येत नाहीत. दुसरा प्रकार पॉवरशेल या विंडोजच्या कमांड-खिडकीचा. पॉवरशेल ५.१ मध्ये ‘एको’ (मजकूर छापायची कमांड) करून बाणाने फाइलीत ढकललं की फाइल यूटीएफ-१६ मध्ये बनते, गिटला त्यात शून्य बाइट दिसतात आणि ‘गिट डिफ’ सांगतो की या बायनरी फाइली वेगळ्या आहेत, बस्स. फरक दाखवत नाही. म्हणून नियम केला : टाइप करायचं ते गिट बॅशमध्येच (विंडोजच्या गिटबरोबर येणाऱ्या टर्मिनलमध्ये), आणि एडिटर म्हणून नॅनो. जे लॅपटॉपवाले आपापलं गिट घेऊन आले होते त्यांच्यातले काही विम या एडिटरमध्ये अडकले, कारण इन्स्टॉल करताना तेच निवडलेलं असतं. त्यातून बाहेर पडण्यासाठी फळ्याच्या कोपऱ्यात ‘एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह, एंटर’ हे दोन दिवस लिहून ठेवलं होतं.

फाइलींची नावंही मराठीतच ठेवली आणि लगेच कुठल्या फाइली बदलल्या ते सांगणाऱ्या ‘गिट स्टेटस’ने ‘मिसळ’ या नावाच्या जागी उलट्या तिरक्या रेषा आणि आकडे ओतले. ३४०, २४४, २५६ असे तीन-तीन आकड्यांचे गट. हा बिघाड नाही. ‘म’ या अक्षराचे यूटीएफ-८ मधले तीन बाइट अष्टमान पद्धतीत लिहिले की नेमके हेच आकडे येतात. आस्कीबाहेरचं, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकड्यांपलीकडचं, काहीही गिट असं झाकून दाखवतं. ‘कोअर डॉट कोटपाथ’ हे सेटिंग ‘फॉल्स’ केलं की नाव सरळ दिसतं. टर्मिनलात जोडाक्षरं फुटलेली किंवा वेलांट्या बाजूला सरकलेल्या दिसतात, तो वेगळा मुद्दा : टर्मिनल प्रत्येक अक्षराला एक चौकोन देतं आणि देवनागरी चौकोनात मावत नाही. फाइल ठीक असते. हे आधीच सांगितलं नाही तर मुलं मजकूर दुरुस्त करत बसतात.

पहिल्या दिवशी ॲड (बदल कमिटसाठी निवडणं), कमिट, लॉग, डिफ (फरक बघणं) हे नेहमीचं झालं. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मात्र नाव आणि ईमेल भरताना सगळे धडे ‘--ग्लोबल’ लिहायला सांगतात, ते लॅबमध्ये करू नये. यंत्रावर एकच विंडोज युजर असतो. सकाळच्या तुकडीतल्या मुलीचं नाव ग्लोबल बसलं की दुपारच्या तुकडीतला मुलगा तिच्या नावाने कमिट करतो. रेपोमध्ये शिरून ‘--लोकल’ने भरायचं. पासवर्डचंही तसंच. विंडोजमधलं गिट पासवर्ड विचारतं आणि विंडोजच्या तिजोरीत सर्व्हरच्या नावाखाली ठेवून देतं. पुढच्या माणसाला ते विचारतच नाही, जुन्याच्या खात्याने पुश करायला जातं आणि सर्व्हर परवानगी नाकारतो. चिठ्ठीवरचा पासवर्ड बरोबर असूनही पुश होत नसेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये क्रेडेन्शियल मॅनेजर उघडून ती नोंद उडवायची, किंवा क्लोनच्या पत्त्यातच ॲटच्या चिन्हाआधी आपलं युजरनेम घालायचं.

दुपारच्या सत्रात हॅश, म्हणजे मजकुरावरून गिट काढतं तो ठसा, समजावायचा होता. एसएचए-१, चाळीस अक्षरं, मजकूर तोच तर हॅश तोच, असं फळ्यावर लिहून कुणाला काही वाटत नाही. त्याऐवजी सगळ्यांना एक शब्द दिला : ‘दऱ्या’. आपापल्या सवयीच्या कीबोर्डाने टाइप करा, गिट बॅशमध्ये ‘एको’ करून ‘गिट हॅश-ऑब्जेक्ट --एसटीडीइन’ला द्या, आणि येणाऱ्या हॅशची पहिली सात अक्षरं फळ्यावर लिहा. तीस जणांचा शब्द तोच, पडद्यावर दिसतोही तसाच, आणि फळ्यावर तीन वेगवेगळे हॅश.

मग ‘डब्ल्यूसी -सी’ने बाइट मोजायला लावले. काहींचे १६, काहींचे १९. शेवटचा एक बाइट नव्या ओळीचा, तो वजा केला तर १५ आणि १८. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं, म्हणजे कुणी पाच चिन्हांत शब्द लिहिला, कुणी सहा. पाचवाल्यांनी द, ऱ, हलन्त, य, काना असं लिहिलं होतं. यातला ऱ हे युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर आहे. सहावाल्यांपैकी बहुतेकांनी साधा र, हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे म्हणजे जोडणारं शून्य रुंदीचं चिन्ह, मग य आणि काना. जुन्या फोनेटिक कीबोर्डांची ही सवय. तिसरा हॅश होता तोही सहा चिन्हांचाच, फक्त त्यात र आणि त्याखाली नुक्ता अशी फोड होती. मजकूर कुठल्यातरी दुसऱ्या प्रोग्रॅममधून चिकटवलेला. युनिकोडचं एनएफसी रूपांतर (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या फोडी एकसारख्या करणारं) चालवलं तर नुक्तावाला प्रकार ऱ मध्ये येऊन मिळतो, पण झेडडब्ल्यूजेवाला येत नाही, तो वेगळाच राहतो.

मराठीत ऱ्या, ऱ्हा पावलोपावली येतात : दुसऱ्या, पुऱ्या, वऱ्हाड. त्यामुळे हा केवळ वर्गातला खेळ नव्हे. दोघांच्या कीबोर्डांत एवढा फरक असला की एकाने परिच्छेद पुन्हा टाइप करून कमिट केलं तर डिफमध्ये अख्ख्या ओळी लाल-हिरव्या दिसतात आणि डोळ्यांना बदल एकही सापडत नाही. काही यंत्रांवर ‘लेस’ हा पेजर (मजकूर पानापानाने दाखवणारा प्रोग्रॅम) झेडडब्ल्यूजेच्या जागी कंसात त्याचा युनिकोड क्रमांक २००डी दाखवतो. दिसायला घाण, पण चोर तिथेच सापडतो. गटाच्या रेपोंत आता कमिटच्या आधी आपोआप चालणारी एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे हुक, आहे. तो र-हलन्त-झेडडब्ल्यूजे ही तिकडी ऱ-हलन्तात बदलतो आणि मग एनएफसी करतो. सेड या मजकूर बदलणाऱ्या कमांडची एक ओळ आणि पायथनची एक. एक काळजी घ्यायची : हुक रेपोबरोबर क्लोन होत नाही, तो प्रत्येकाने आपल्या यंत्रावर बसवायचा असतो.

चहाआधी एकदा लाइट गेलीच. वीस यंत्रांचा यूपीएस तीन मिनिटांत बसला, यंत्रं परत आली ती कोरी. डी ड्राइव्हवरचे रेपो शाबूत होते, पण चौघांनी सवयीने डेस्कटॉपवर क्लोन केला होता. त्यांचं पुश झालेलं होतं म्हणून पाच मिनिटांत भागलं. तेव्हापासून खुर्चीवरून उठायच्या आधी पुश, हा नियम तोंडी न ठेवता दारावर चिकटवला.

पहिलं पुश करताना हमखास येणारा एक संदेश असतो : ‘मेन’ या नावाशी काहीच जुळत नाही. कारणं दोन. एक तर अजून एकही कमिट केलेलं नाही. कमिट नसेल तर ब्रँचच अस्तित्वात नसते. किंवा यंत्रावर ब्रँचचं नाव ‘मास्टर’ आहे आणि सर्व्हर ‘मेन’ची वाट बघतोय. गिट २.२८ पासून ‘इनिट डॉट डिफॉल्टब्रँच’ हे सेटिंग मिळतं, ते सगळीकडे एकच ठेवलं की प्रश्न मिटतो. आधीच बनलेल्या रेपोसाठी ‘गिट ब्रँच -एम मेन’, त्यातला एम मोठा.

दुसऱ्या दिवसाची सकाळ पूर्ण कॉन्फ्लिक्टला दिली. दोघांची एक जोडी, पंधरा जोड्या, प्रत्येक जोडीला गिटीवर एक रेपो आणि त्यात मिसळीच्या कटाची एक पाककृती. विषय मुद्दाम असा निवडला की ओळ बदलायला कुणाला विचार करावा लागू नये. दोघांनी क्लोन केलं, दोघांनी तिखटाची ओळ आपापल्या मताने बदलली, दोघांनी कमिट केलं. पहिल्याचं पुश गेलं, दुसऱ्याचं सर्व्हरने फेटाळलं. आता दुसऱ्याने पुल करायचं, म्हणजे सर्व्हरवरचं आणून आपल्यात मिळवायचं, आणि इथे एकाच खोलीत तीन वेगळी वागणी दिसली. जुन्या गिटने गुपचूप मर्ज (दोन्ही कामं एकत्र जोडणं) सुरू केलं. मधल्या आवृत्त्यांनी लांबलचक सूचना छापून मर्ज केलं. २.३३ आणि पुढच्यांनी थांबून विचारलं, की मर्ज करू की रीबेस (आपली कमिटं समोरच्याच्या कमिटांवर नव्याने रचणं), आधी ठरव. ज्याला शिकवायचंय त्याला हे माहीत नसेल तर त्याचा गोंधळ मुलांपेक्षा जास्त होतो. ‘पुल डॉट रीबेस’ हे सगळ्यांनी ‘फॉल्स’ केलं, म्हणजे मर्ज. रीबेस पहिल्या कार्यशाळेत आणू नये असं आमचं मत आहे. त्यात ‘अवर्स’ आणि ‘दे‌अर्स’ (‘आपलं’ आणि ‘समोरच्याचं’) यांचे अर्थ उलटे होतात आणि आपली ओळ ठेवतोय समजून माणूस समोरच्याची ठेवतो.

दुसरं सेटिंग, कॉन्फ्लिक्टची शैली ‘डिफ३’. एरवी गिट फक्त दोन बाजू दाखवतं. डिफ३ मध्ये मधोमध मूळ ओळही येते :

<<<<<<< हेड
लाल तिखट : २ चमचे
||||||| ९सी४बी१ए०
लाल तिखट : १ चमचा
=======
लाल तिखट : ४ चमचे
>>>>>>> दुसऱ्याच्या कमिटचा हॅश

वरची ओळ आपली, मधली आधीची, खालची समोरच्याची. मूळ एक चमचा होता आणि दोघांनीही तो वाढवला हे मधली ओळ असल्याशिवाय कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय निवाडा करता येत नाही. चिन्हं प्रत्येकी सात असतात. सोडवायचं म्हणजे हव्या त्या ओळी ठेवून चिन्हांच्या ओळी पुसायच्या, ‘गिट ॲड’ करायचं आणि कमिट. सर्वाधिक घडलेली चूक म्हणजे चिन्हांपैकी एखादी ओळ तशीच राहणं, बहुधा बरोबरच्या चिन्हांची, कारण ती फाइलीत शोभेची रेघ वाटते. ॲड करण्याआधी ‘गिट डिफ --चेक’ चालवलं की राहिलेल्या ओळी तो दाखवतो. काही जोड्यांनी तीन चमचे लिहून तह केला. गिटला त्याचं काही नसतं, शेवटी फाइलीत जे राहील ते त्याला मान्य.

घाबरून दोन गोष्टी केल्या जातात. एक, फोल्डर उडवून नव्याने क्लोन. चालतं, पण आपलं काम जातं. त्याऐवजी ‘गिट मर्ज --ॲबॉर्ट’, म्हणजे पुल करण्याआधी होतो तिथे परत. दुसरी, ‘पुश --फोर्स’, म्हणजे सर्व्हरवरचं मोडून आपलं लादणं. इंटरनेटवरून शिकून आलेला एखादा ते मारतोच, आणि जोडीदाराचं कमिट सर्व्हरवरून नाहीसं होतं. गिटीत मेन ब्रँचला संरक्षण लावून ठेवलं होतं, त्यामुळे सर्व्हरने ते नाकारलं. ज्याचं कमिट वाचलं त्याला हे कळलंही नाही.

मराठी मजकुरासाठी एक सवय याच सत्रात लावून द्यावी : एका ओळीत एकच वाक्य. आपण परिच्छेद सलग टाइप करतो, म्हणजे फाइलीच्या दृष्टीने तो अख्खा परिच्छेद एकच ओळ. एकाने पहिल्या वाक्यात स्वल्पविराम घातला आणि दुसऱ्याने सहाव्या वाक्यात शब्द बदलला तरी गिटला ती एकच ओळ दोघांनी बदललेली दिसते आणि कॉन्फ्लिक्ट येतो. मात्र वाक्यं लागोपाठच्या ओळींवर असली तरी शेजारशेजारच्या ओळींतले बदल अजूनही भिडतात; मध्ये निदान एक न बदललेली ओळ लागते. जुना मजकूर तपासताना ‘गिट डिफ --वर्ड-डिफ’ वापरावं. तो शब्दाशब्दांत फरक दाखवतो आणि मराठीत शब्द मोकळ्या जागेने तुटत असल्यामुळे बरोबर चालतो.

दुपारी बायसेक्ट, म्हणजे चूक कुठल्या कमिटपासून आली ते शोधणं, घेतलं, थोडक्यात. आधीच बनवलेला चौसष्ट कमिटांचा रेपो, त्यात कुठेतरी एका कमिटपासून बेरीज चुकते. दर वेळी निम्मे बाद होत सहा फेऱ्यांत कमिट सापडतं. हातांनी एकदा आणि मग ‘गिट बायसेक्ट रन’ने एकदा. स्क्रिप्टने शून्य परत दिलं तर कमिट चांगलं, १२५ दिलं तर ते वगळ, बाकी १२७ पर्यंतचं काहीही दिलं तर वाईट. लॅबच्या काही यंत्रांवर पायथनच नव्हतं. कमांड सापडली नाही की शेल १२७ देतं, जुनं गिट ते वाईट समजतं, आणि सहाच्या सहा फेऱ्या ‘वाईट’ येऊन बोट पहिल्याच कमिटवर येतं. उत्तर आत्मविश्वासाने चुकीचं. स्क्रिप्ट आधी एकदा नुसती चालवून बघायची, मग बायसेक्टला द्यायची. ज्यांच्याकडे पायथन होतं त्यांना जाता जाता एक गंमत दाखवली : पायथनचं ‘इंट’ ‘१२’ हा देवनागरी आकडा सरळ बारा म्हणून घेतं, जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ मात्र घेत नाही.

मदतीला गटातले चार जण होते, साधारण आठांमागे एक. त्यांना एकच अट होती, मुलांच्या कीबोर्डला हात लावायचा नाही. ‘स्टेटस मार आणि काय म्हणतोय ते मोठ्याने वाच,’ एवढंच म्हणायचं. गिटचे संदेश बऱ्याचदा पुढची कमांड स्वतःच सांगतात. मुलं ते न वाचता मान वर करतात. वाचून दाखवायला लावलं की निम्मे प्रश्न तिथेच संपतात. अडचण आली की मॉनिटरवर गुलाबी चिठ्ठी लावायची ही सोयही चांगली चालली. हात वर करून बसलेल्याचं टायपिंग थांबतं, चिठ्ठी लावलेल्याचं थांबत नाही.

संध्याकाळी प्रत्येकाला आपलं काम घरी न्यायचं होतं. पेन ड्राइव्हवर फोल्डर कॉपी करू नये. एफएटी पद्धतीच्या ड्राइव्हवर फाइल चालवण्याची परवानगी टिकत नाही, मग लिनक्सवर गेल्यावर न बदललेल्या फाइलीही बदललेल्या दिसू शकतात. शिवाय २.३५.२ पासून गिट दुसऱ्याच्या मालकीच्या फोल्डरात काम करायलाच नकार देतं आणि मालकी संशयास्पद असल्याचं सांगतं. यावर ‘गिट बंडल’. ‘गिट बंडल क्रिएट’, पुढे फाइलीचं नाव, पुढे ‘--ऑल’. सगळ्या ब्रँच, सगळा इतिहास, एक फाइल. मजकुराचा रेपो असला तर काही केबींत बसते, फोनमध्येही नेता येते. घरी गेल्यावर ‘गिट क्लोन’ला वेबपत्त्याऐवजी त्या फाइलीचं नाव द्यायचं. पुढे गिटहबवर किंवा दुसरीकडे खातं उघडलं की ‘गिट रिमोट सेट-यूआरएल ओरिजिन’ने पत्ता बदलून पुश करायचं, इतिहास जसाच्या तसा वर जातो. बंडल नीट बनलंय का ते ‘गिट बंडल व्हेरिफाय’ने लॅबमध्येच तपासून घ्यावं. दोघांनी ‘--ऑल’ लिहिलं नव्हतं, गिटने त्यांना रिकामं बंडल बनवायला नकार दिला होता, आणि संदेश न वाचता ते पेन ड्राइव्ह खिशात टाकून निघाले होते.

लॅब सोडण्यापूर्वी वीस यंत्रांच्या डी ड्राइव्हवरचे रेपो उडवले, क्रेडेन्शियल मॅनेजरमधल्या नोंदी काढल्या, ब्राउझरची प्रॉक्सी पूर्वीसारखी भरली, दोन स्विचमधली वायर गुंडाळली. पोर्टेबल गिट लॅब असिस्टंटच्या सांगण्यावरून तसंच ठेवलं. राउटरची केबल चिकटपट्टीवर लिहिल्याप्रमाणे सातव्या पोर्टात परत घातली आणि दिवा लुकलुकायला लागल्यावर लाइट घालवून कुलूप लावलं.